जुना दगड, नवी धार

विद्यार्थी मित्रांनो, सुताराच्या हत्यारांच्या पेटीत तुम्ही कधी डोकावून पाहिले आहे का? करवत, रंधा, पटाशी यांच्याबरोबर तिथे एक काळपट, तेलकट दगड असतो. हा धार लावण्याचा दगड. मराठीत त्याला 'निसणा' असेही म्हणतात. उर्दूत तुम्ही त्याला 'सान' म्हणता.

वर्षानुवर्षे वापरून हा दगड मध्ये झिजतो आणि होडीसारखा खोलगट होतो. मग "आता हा काय कामाचा?" असे म्हणून लोक तो भंगारात टाकतात. पण थांबा! टाकण्यापूर्वी त्याची परीक्षा घ्या.

खोलगट दगडाने नुकसान काय होते? पटाशीची पाठ अगदी सपाट असावी लागते. अशा दगडावर ती घासली, तर ती फुगीर होते. मग पटाशी लाकडावर नीट टेकत नाही आणि चौकटीचा सांधा घट्ट बसत नाही. दगडाचा दोष हत्यारात उतरतो आणि हत्याराचा दोष कामात! विळ्याची धार मात्र वाकडीच असते. त्याला थोडा खोलगट दगडही चालतो.

आता परीक्षा कशी घ्यायची ते पाहू. दगड कोमट पाणी, साबण आणि ब्रश यांनी स्वच्छ धुवा व सुकू द्या. सगळा दगड सुकला, तरी एखादी रेघ ओलीच दिसते का? तिथे तडा असू शकतो. दगडाला आरपार तडा असेल, तर तो वापरू नका. नंतर पोलादी पट्टीची कड दगडावर उभी, आडवी आणि तिरपी ठेवून उजेडाकडे पाहा. पट्टीखालून जिथे उजेड दिसेल, तिथे खळगा आहे असे समजा.

दगड एवढा कठीण, मग त्याला घासायचे कशाने? त्याच्याइतक्याच कठीण कणांनी! १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचिसन यांनी सिलिकॉन कार्बाइड हा अतिशय कठीण पदार्थ तयार केला. त्यालाच कार्बोरंडम म्हणतात. धारेचे अनेक दगड त्याचेच असतात. पाण्यात वापरायच्या काळ्या पॉलिश पेपरवरही त्याचेच कण असतात.

असा जाडा पेपर सपाट, जाड काचेवर पसरा. दगडावर पेन्सिलीने चौकटी आखा. पेपरवर पाणी घालून दगड सावकाश घासा. अधूनमधून त्याची दिशा बदला. पेपर ओलाच ठेवा, म्हणजे धूळ उडून नाकातोंडात जाणार नाही. उंच भागावरच्या रेघा आधी पुसल्या जातात, खळग्यातल्या शेवटी. सगळ्या रेघा गेल्या, की पट्टी लावून पुन्हा पाहा. उजेड दिसला नाही, तर दगड सपाट झाला!

या कामाला वेळ लागतो, हात दुखतात. पण घाई करू नका. पुढे दगड वापरताना पाते त्याच्या सगळ्या पृष्ठभागावर फिरवा, म्हणजे तो लवकर खोलगट होणार नाही.

मित्रांनो, झिजणे हा दगडाचा दोष नाही, ती त्याच्या कष्टांची खूण आहे. दुसऱ्यांना धार देणाऱ्यालाही कधीतरी कोणी सरळ करावे लागते.

स्वाध्याय
१. खोलगट दगडामुळे पटाशीचे काय नुकसान होते?
२. दगडाला तडा आहे हे कसे ओळखाल?
३. दगडावर पेन्सिलीने चौकटी का आखतात?