ऑलिव्हचा कडूपणा जातो कुठे?

बरणीतले ऑलिव्ह पाहून ते झाडावरून काढले आणि भरले असेच कोणालाही वाटेल. पण झाडावरचे ताजे ऑलिव्ह चावले, तर ते लगेच थुंकून टाकावे लागते, इतके ते कडू असते. तुर्कस्तानात मात्र ऑलिव्हवाचून न्याहारी होत नाही. मग हा कडूपणा जातो कुठे?

ऑलिव्हचे शास्त्रीय नाव ओलिया युरोपिया. आपली जाई, जुई आणि पारिजातक याच कुळातील. ऑलिव्हच्या गरात ओल्युरोपीन नावाचे कडू द्रव्य असते. कीटक आणि सूक्ष्मजीव यांच्यापासून रक्षण होण्यास ते उपयोगी पडते. फळ पिकताना हिरव्याचे जांभळे, मग काळे होते आणि हे द्रव्य कमी होत जाते. पण पुरते संपत नाही. ते काढण्याच्या रीती निरनिराळ्या, म्हणून चवीही निरनिराळ्या.

मार्मारा समुद्राच्या दक्षिणेस गेमलिक हे गाव आहे. त्याच नावाची ऑलिव्हची जात लहान बीची व भरपूर गराची. तिची काळी फळे मिठाच्या पाण्यात कित्येक महिने ठेवतात. कडू द्रव्य हळूहळू पाण्यात उतरते. काही फळे टोपलीत जाड्या मिठाचे थर देऊन ठेवतात. मीठ फळातील पाणी ओढून घेते, त्याबरोबर कडूपणाही जातो आणि फळ सुरकुतते. टोपलीला तुर्की भाषेत ‘सेले’ म्हणतात. या ऑलिव्हचेही नाव तेच.

आखिसार भागातील ‘दोमात’ ही मोठी जात हिरवीच तोडतात. तिला बहुधा कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात काही तास ठेवतात. अल्कलीमुळे ओल्युरोपीनच्या रेणूचे तुकडे होतात. मग फळे पुनःपुन्हा धुऊन मिठाच्या पाण्यात आंबवतात. दह्यातील जिवाणूंचे भाऊबंद तेथे लॅक्टिक आम्ल तयार करतात. आंबूस चव त्याचीच. (कॉस्टिक सोडा त्वचा भाजतो. हा प्रयोग घरी करू नका!)

सर्वांत नवलाची रीत इझमीरजवळच्या काराबुरुन द्वीपकल्पात आढळते. तेथे समुद्रावरून येणाऱ्या दमट हवेत फोमा ओलिए ही बुरशी फळावर वाढते आणि झाडावरच कडू द्रव्याचे विघटन करते. फळ तपकिरी, सुरकुतलेले होते व मिठाशिवाय खाता येते. त्याला ‘हुर्मा’, म्हणजे खजूर, म्हणतात. आपल्या शिरखुर्म्यातील ‘खुर्मा’ हा तोच फारसी शब्द!

करून पाहा : कारल्याच्या सारख्याच चकत्या दोन वाट्यांत घ्या. एका वाटीत मीठ चोळा. अर्ध्या तासाने कोणत्या वाटीत पाणी सुटले? चकत्या पिळून, धुऊन चाखा. कारल्यातील कडू द्रव्य ऑलिव्हहून वेगळे आहे; पण मिठाचे काम तेच. आता सांगा, सेले ऑलिव्ह सुरकुतलेले का असते?