कोळशाची राख कुठे जाते?

माझी आजी चुलीच्या राखेने भांडी घासते, म्हणून मला वाटायचे की राख चांगलीच. पण कोळशाची राख वेगळी असते.

माझ्या मामाच्या गावाजवळ विजेचा कारखाना आहे. उन्हाळ्याच्या सुटीत गेलो तेव्हा मामी सकाळी उठून आधी माठाचे झाकण पुसायची. बोटाला पांढुरकी भुकटी लागली. मी म्हटले, "मामी, पावडर सांडली काय?" ती म्हणाली, "राख होय बाबू ते. कपडेही दोनदा झाडाव लागतेत."

शाळेत आल्यावर गुरुजींना विचारले. ते म्हणाले, आपल्याकडच्या कोळशात राख फार. १०० किलो जाळला तर ३० ते ४० किलो राखच उरते. मी गणित केले. १०,००० टन कोळसा जाळला तर कमीत कमी ३,००० टन राख. एका ट्रकमध्ये १० टन धरली तर ३०० ट्रक! आमच्या गावात तर एवढे ट्रक उभेसुद्धा राहणार नाहीत.

ही राख पाण्यात कालवून नळाने मोठ्या तलावात सोडतात. तिच्यात पारा, आर्सेनिक, शिसे असे विषारी पदार्थ थोडे थोडे असतात. ते झिरपून विहिरीत जाऊ शकतात. राख वाळली की वाऱ्याने उडते आणि छातीत जाते.

नागपूरजवळ खसाळा येथे १६ जुलै २०२२ ला फार पाऊस पडून राखेच्या तलावाचा बांध फुटला. राखेचे पाणी शेतात आणि कोलार नदीत शिरले. कोलार पुढे कन्हान नदीला मिळते, आणि कन्हानचे पाणी नागपूरचे लोक पितात.

पण लोक गप्प बसले नाहीत. नांदगावच्या लोकांनी तक्रार केली. फेब्रुवारी २०२२ मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे तिथे आले व राख टाकणे थांबवायला सांगितले. त्याआधी मंथन अध्ययन केंद्र आणि नागपूरची सेंटर फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट या संस्थांच्या माणसांनी कोराडी, खापरखेड्याकडच्या गावांत फिरून पाण्याचे नमुने तपासले होते. त्यांचा अहवाल २०२१ मध्ये निघाला. ३१ डिसेंबर २०२१ ला सरकारने नियमही काढला, की सगळी राख वापरलीच पाहिजे. तिच्या विटा होतात, ती सिमेंटमध्ये जाते, रस्त्याच्या भरावात जाते. आमच्या नव्या वर्गाच्या विटा करड्या आहेत, त्या राखेच्याच! मी इतके दिवस त्यांना पाठ टेकून बसत होतो.

मामा म्हणतो, आमच्या विहिरीचे पाणी गोड आहे. गुरुजी म्हणाले, पाण्यातला पारा डोळ्यांना दिसत नाही अन् जिभेला कळत नाही, प्रयोगशाळेतच कळतो. दिवाळीत मी मामाकडे जाणार आहे. तेव्हा एक स्वच्छ बाटली घेऊन जाईन.

(इयत्ता ४ थी)