हळदीचा साबण : त्वचेला काय मिळते, निसर्गाला काय द्यावे लागते



मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात बचत गटाच्या भगिनी टेबल मांडतात. लोणची, पापड, सुकट यांच्या शेजारी हल्ली हळदीच्या साबणाच्या वड्याही दिसतात. मागे एका आईने वडी हातात घेऊन विचारले, "ह्याने पोराच्या मांडीवरचा नायटा जाईल ना?" विकणारी भगिनी जरा घुटमळली. 'नाही' म्हणावे तर विक्री जाते, 'हो' म्हणावे तर मन खाते. शेवटी ती म्हणाली, "बघा लावून."

तिने साबण मनापासून केला होता. पण या प्रश्नाचे उत्तर तिलाच नव्हे, आपल्यापैकी बहुतेकांना नीट ठाऊक नसते. म्हणून आजचा हा पाठ.

१. साबण होतो कसा?

तेल आणि कॉस्टिक सोडा यांचा संयोग झाला की साबण आणि ग्लिसरीन तयार होते. १ किलो खोबरेल तेलाला साधारण १८० ग्रॅम कॉस्टिक लागतो. प्रत्येक तेलाचे प्रमाण वेगळे असते. प्रमाण बरोबर असेल आणि वडी चार ते सहा आठवडे मुरली असेल, तर तिच्यात मोकळा कॉस्टिक उरत नाही.

मोठ्या कारखान्यांत ग्लिसरीन बहुधा वेगळे काढून विकले जाते. घरच्या पद्धतीत ते वडीतच राहते. ग्लिसरीन ओलावा धरून ठेवते. शिवाय जाणकार कारागीर थोडे तेल मुद्दाम जास्त ठेवतात, म्हणजे अंग धुतल्यावर त्वचा ताणल्यासारखी वाटत नाही. हातच्या साबणाचा खरा गुण यात आहे.

एक गोष्ट मात्र विचारून घ्यावी. 'हातचा साबण' दोन प्रकारचा असतो. एक तेलापासून केलेला. दुसरा बाजारातून तयार बेस आणून, तो वितळवून, रंग-वास घालून साच्यात ओतलेला. दुसऱ्यात वाईट काही नाही, पण त्यातले तेल कोणते, हे करणाऱ्यालाही अनेकदा माहीत नसते.

२. साबणात हळदीचे काय होते?

हळदीत चुना मिसळला की ती लाल होते आणि त्यातून कुंकू होते, हे आपण पाहिले आहे. चुना अल्कधर्मी आहे. कॉस्टिक तर त्याहून तीव्र. त्यामुळे साबण घोटताना हळद घातली की मिश्रण तांबडे होते आणि मुरल्यावर वडी भगवी किंवा तपकिरी दिसते. उन्हात ठेवली तर रंग उडतो. तेलापासून केलेली वडी लिंबासारखी पिवळीधमक असेल, तर त्यात वेगळा रंग असण्याची शक्यता जास्त.

रंग बदलतो याचाच अर्थ हळदीतला मुख्य घटक, कर्क्युमिन, बदलतो. अल्कधर्मी द्रावणात कर्क्युमिन टिकत नाही. त्याचे लवकर विघटन होते. पाण्यात तर ते जवळजवळ विरघळतच नाही.

आता थोडा हिशेब करू. १ किलो साबणात १० ग्रॅम हळद घातली. हळदीत कर्क्युमिन शेकडा ३ धरले, तर किलोभर साबणात ते ०.३ ग्रॅम झाले. १०० ग्रॅमच्या वडीत ३० मिलिग्रॅम. वडी महिनाभर पुरली तर एका आंघोळीला १ मिलिग्रॅम. त्यातलेही बरेचसे साबण होतानाच नष्ट झालेले, आणि उरलेले मिनिटभरात मोरीतून वाहून जाणारे.

यावर कोणी म्हणेल, "हळदीचे पेटंट अमेरिकेशी भांडून आपण परत मिळवले ना?" ती गोष्ट खरी आणि अभिमानाची आहे. १९९५ साली अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने त्याला हरकत घेतली, जुने संस्कृत, हिंदी आणि उर्दू दाखले दिले, १९५३ सालचा वैद्यकीय नियतकालिकातील लेखही जोडला, आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. पण तो वाद 'हे ज्ञान नवे आहे की जुने' याचा होता. शिवाय ती हळद जखमेवर लावून ठेवण्याची होती, फेसाबरोबर धुऊन टाकण्याची नव्हती. त्या निकालावरून साबणाचा गुण सिद्ध होत नाही.

३. मग त्वचेला काय मिळते?

घाम, धूळ, मासळीचा तेलकटपणा निघतो. कोणत्याही चांगल्या साबणाचे हेच काम, आणि ते लहान नाही. खोबरेल तेलाच्या साबणाचा आणखी एक गुण आपल्या किनाऱ्यावर विशेष उपयोगाचा आहे : तो खाऱ्या पाण्यातही फेस देतो. उन्हाळ्यात खाडीकाठच्या विहिरींचे पाणी मचूळ होते आणि नेहमीच्या साबणाचा साका होतो, तेव्हा हा फरक लगेच कळतो.

पण नुसत्या खोबरेलचा साबण त्वचा कोरडी करतो. ज्यांचे हात दिवसभर बर्फात आणि मासळीत असतात, त्यांनी जादा तेल ठेवलेली वडी घ्यावी आणि हात धुतल्यावर दोन थेंब तेल चोळावे. कोणताही खरा साबण अल्कधर्मीच असतो. त्याचा सामू ९ ते १० असतो, तर आपल्या त्वचेचा साधारण ५. म्हणून तान्ह्या बाळाला आणि इसब असलेल्याला रोज साबण चोळू नये. काहींना हळदीचीही अ‍ॅलर्जी असते. नवी वडी आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहावी.

आणि नायटा? तो बुरशीमुळे होतो. दमट हवेत, ओल्या कपड्यांत वाढतो आणि घरातल्या एकाकडून दुसऱ्याकडे जातो. हळदीच्या साबणाने तो बरा होत नाही. मेडिकलमधून विचारून आणलेले स्टिरॉइड मिसळलेले मलम त्याहून घातक. खाज थांबते, पण बुरशी आत पसरते. मुलाला डॉक्टरांकडे न्यावे, औषध सांगितले तितके दिवस पूर्ण करावे, टॉवेल वेगळा ठेवावा, कपडे उन्हात वाळवावेत. "बघा लावून" म्हणत गेलेले दोन महिने त्या मुलाला आणि त्याच्या भावंडांना महागात पडतात.

४. निसर्गावरचा भार

साबणाचा भार चार ठिकाणी पडतो.

तेल : स्वस्त साबण आणि तयार बेस यांत बहुधा पामतेल असते. ते मुख्यतः इंडोनेशिया आणि मलेशियातून येते, आणि त्याच्या मळ्यांसाठी तिथली जंगले मोठ्या प्रमाणावर तुटली आहेत. म्हणून खोबरेल म्हणजे आपोआप निर्दोष असेही नाही. एक हेक्टर जमिनीतून पामतेल जितके निघते, त्याच्या निम्मेही खोबरेल निघत नाही. सगळे जग खोबरेलकडे वळले तर जमीन जास्तच लागेल. पण आपल्या उभ्या वाडीतल्या नारळाचे तेल काढले, तर नवे जंगल तुटत नाही आणि वाहतूकही वाचते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, मुरूड, अलिबागकडच्या नारळ-सुपारीच्या वाड्या झोपल्या. नव्या माडाला फळ धरायला सहा-सात वर्षे लागतात. अशा वाडीवाल्याकडून तेल किंवा खोबरे घेणे हा त्याला मोठा आधार आहे.

वेष्टन : वडीला कागद पुरतो. बाटलीतल्या द्रव साबणाला प्लास्टिक लागते, त्यात पाणी वाहून आणावे लागते, आणि एका दाबासरशी गरजेपेक्षा जास्त साबण हातावर येतो. वडी इथे सरस ठरते.

सांडपाणी : साबण मातीत आणि पाण्यात यथावकाश कुजतो, पण विहिरीच्या कठड्याशी केलेल्या धुण्याचा फेस कुजायच्या आधी पाण्यात झिरपतो. 'नैसर्गिक' साबणही याला अपवाद नाही. आंघोळ-धुणे विहिरीपासून दूर करावे आणि पाणी केळीच्या किंवा माडाच्या आळ्यात सोडावे.

गरम पाणी : हा भार सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी लक्षात येणारा. २० लिटर पाणी १५ अंशांनी तापवायला सुमारे ०.३५ युनिट वीज लागते. एका माणसाच्या रोजच्या आंघोळीचे महिन्याला १० युनिट झाले. आपली बरीचशी वीज कोळशाची. म्हणजे महिन्याला साधारण ७ किलो कार्बन डायऑक्साइड. तेवढ्या काळात संपते एकच वडी! साबण कोणता, याची चर्चा करताना बंबात किती लाकूड जाते आणि गिझर किती वेळ चालतो, हे आधी पाहावे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या पत्रात पाणी आणि प्लास्टिक जपून वापरण्यासारख्या रोजच्या लहान कृतींना महत्त्व दिले आहे. या हिशेबातून त्याचे कारण कळते.

५. करणाऱ्या भगिनींसाठी

- कॉस्टिक नेहमी पाण्यात घालावा. कॉस्टिकवर पाणी कधीही ओतू नये, ते उसळते.
- अ‍ॅल्युमिनियमचे भांडे वापरू नये, कॉस्टिक ते खातो. स्टीलचे घ्यावे.
- चष्मा आणि हातमोजे घालावेत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, मुलांना जवळ येऊ देऊ नये. अंगावर उडालेच तर वाहत्या पाण्याखाली किमान १५ मिनिटे धरावे. डोळ्यात गेले तर तसेच धुऊन तडक दवाखाना गाठावा.
- प्रमाण वजनकाट्यावर घ्यावे, वाटी-चमच्याने नव्हे.
- विकण्यासाठी साबण करायला सौंदर्यप्रसाधनांचा परवाना लागतो. अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करावी. गटाने मिळून परवाना घेणे सोपे जाते.
- वेष्टनावर 'नायटा, इसब, मुरूम बरे करतो' असे लिहू नये. रोग बरा करण्याचा दावा केला की कायद्याने ते औषध ठरते. त्याऐवजी घटक, वजन, तारीख आणि कोणते तेल वापरले ते लिहावे.

पुढच्या वेळी कोणी तोच प्रश्न विचारला तर उत्तर असे देता येईल : "ताई, नायटा ह्याने जायचा नाही, डॉक्टरला दाखवा. पण साबण चांगला आहे. खोबरेल तेलाचा आहे, पुरते मुरवलेला आहे, मचूळ पाण्यातही फेस येतो." असे सांगितल्याने एखादी वडी कदाचित विकली जाणार नाही. पण ती आई पुढच्या रविवारी पुन्हा त्याच टेबलाशी येईल.

घरी मिळून चर्चा करा

१. आपल्या घरात आंघोळीला रोज किती पाणी तापते? त्यातले किती कमी करता येईल?
२. आपल्या मोरीचे पाणी शेवटी कुठे जाते? कोणाच्या विहिरीकडे?
३. औषध म्हणून आपण कोणत्या वस्तू केवळ ऐकीव माहितीवर विकत घेतो?