अंकाचे वळण आणि यंत्राची शिस्त

गेल्या वर्षी भित्तिपत्रकाचे लेख संगणकावर उतरविण्याचे काम माझ्याकडे आले. लेख आठ, आणि शुद्धलेखनाच्या तऱ्हाही आठ! कोणी 'कवि' लिहिलेले, कोणी 'कवी'. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. घरी विचारण्याची सोय नव्हती. चुकत चुकत जे शिकलो, ते विद्यार्थिमित्रांपुढे ठेवीत आहे.

प्रथम नियम, मग यंत्र. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम शासनाने १९६२ साली मान्य केले. १९७२ साली त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली. शब्दाच्या अंती येणारा इकार-उकार दीर्घ लिहावा, म्हणून 'कवी', 'गुरू'. 'आणि', 'परंतु' हे अपवाद. नियम ठरला की 'कवि'चे 'कवी' कर, असे यंत्राला सांगता येते. मात्र 'संपूर्ण शब्द' ही खूण करावी. नाहीतर 'कविता'ची 'कवीता' होते!

दुसरी गोष्ट भाषेची. मजकुराची भाषा 'मराठी' अशी नोंदवावी. ज्या टंकात दोन्ही वळणे असतात, त्यात मग 'ल' आणि 'श' मराठी वळणाने उमटतात.

प्रोग्रॅम लिहिणारे लोकही हेच करतात. ओळ किती आत सरकवायची, ओळीच्या शेवटी रिकामी जागा ठेवायची की नाही, हे ते 'एडिटरकॉन्फिग' नावाच्या छोट्या फाइलमध्ये लिहून प्रकल्पासोबत ठेवतात. लिहिणारा कोणीही असो, ती फाइल समजणारा एडिटर त्याप्रमाणेच वागतो. शिवाय निरनिराळ्या प्रकारच्या फाइलींना निरनिराळे नियम देता येतात. या शेवटच्या सोयीचे महत्त्व मला उशिरा कळले.

माझा स्वतःचा लेख आजीच्या आठवणींचा होता. मुळशी सत्याग्रह (१९२१-२४) संपला, धरणाचे पाणी चढले, ती हकीकत तिने सासूकडून ऐकलेली. "पानी आलं आन् शेत गेलं," असे तिचे शब्द. मी आठही लेखांवर एकदम बदल चालविला. यंत्राने 'पानी'चे 'पाणी' केले, 'आन्'चे 'आणि'. लेख आजीला वाचून दाखविला, तेव्हा ती म्हणाली, "ही कोन बाई बोलतीया?" मी खाली मान घातली.

वास्तविक दोष नियमांचा नव्हता. कोणाचे बोलणे दाखविताना 'असं केलं' असे उच्चाराप्रमाणे लिहावे, ही सवड त्या नियमांतच आहे. मी ते पुरते वाचले नव्हते. आता अवतरणातील मजकूर वगळूनच मी बदल चालवितो, आणि तेवढ्या उताऱ्यापुरती शुद्धलेखन-तपासणी बंद ठेवतो.

पुढील अंकासाठी नियमांचा एक कागद करून ठेवला आहे. त्यातील पहिली ओळ अपवादाची आहे.