रुमालाखालचा भाव

आपण भाजीबाजारात जातो तेव्हा विकणारा भाव सांगतो आणि घेणारा घासाघीस करतो. शेतकऱ्याच्या गव्हाची रीत याहून उलट आहे. माल त्याचा असतो, परंतु भाव घेणारा सांगतो. आणि एके काळी तर तोही उघड सांगत नसे.

धान्याच्या पेठेत पूर्वी 'हत्ता' नावाची पद्धत होती. अडत्या आपल्या हातावर रुमाल किंवा उपरण्याचा पदर टाकी. व्यापारी एकामागून एक पुढे येऊन त्या रुमालाखाली हात घालीत व अडत्याची बोटे दाबून आपला भाव कळवीत. किती बोटे धरली, कोणते पेर दाबले, यावरून आकडा ठरे. सर्वांचे हात होऊन गेले की अडत्या एका व्यापाऱ्याचे नाव घेऊन भाव जाहीर करी. ज्याने थंडीत रात्री जागून त्या गव्हाला पाणी दिले, तो धनी हाताच्या अंतरावर उभा असे. पण त्याला हलणाऱ्या रुमालापलीकडे काही दिसत नसे. सर्वांत जास्त भाव कोणी दिला आणि माल त्यालाच गेला की नाही, हे एकट्या अडत्याला ठाऊक. बरे, अडत्या हा शेतकऱ्याचा मुखत्यार म्हणवीत असला, तरी त्याचा रोजचा संबंध त्या व्यापाऱ्यांशी. शेतकरी वर्षातून एकदोनदा येणारा. अशा वेळी त्याचे मन कोणीकडे झुकत असेल, हे सांगावयास नको. लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शाही शेतकी कमिशनने 1928 च्या अहवालात बाजारांतील असल्या चालींवर टीका केली व कायद्याने नियंत्रित बाजार सर्वत्र असावेत, असा आग्रह धरला.

नियंत्रित बाजाराची कल्पना मात्र त्याहून जुनी आहे, आणि तिचा जन्म आपल्याच प्रांतात झाला. वऱ्हाडात कारंजा येथे 1886 मध्ये देशातील पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला, आणि 1897 मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. हा खटाटोप शेतकऱ्याच्या कळवळ्याने झालेला नव्हता. इंग्लंडातील गिरण्यांना चांगला कापूस बिनघोर मिळावा, हा त्यातील मुख्य हेतू होता. मुंबई इलाख्याचा 1927 चा कापूस बाजार कायदा, पुढे 1939 चा शेतमाल बाजार कायदा आणि शेवटी महाराष्ट्र राज्याचा 1963 चा कायदा, अशा पायऱ्यांनी आजच्या कृषी उत्पन्न बाजार समित्या उभ्या राहिल्या. उघड लिलाव, खरे वजन आणि हिशेबाची लेखी पट्टी हे त्यांचे तीन आधार होत.

वजनाचाही घोळ काही लहान नव्हता. मण म्हणजे 40 शेर हे सर्वांस पाठ. पण शेर किती तोळ्यांचा, हे गावोगावी निराळे. पायलीचेही तसेच. एका पेठेतला भाव दुसऱ्या पेठेतल्या भावाशी ताडून पाहू म्हटले, तरी मापच वेगळे, तेव्हा ताडणार कसे? ही लबाडी फार पुरातन आहे. माप लहान करून गहू विकणाऱ्या व्यापाऱ्यांना आमोस संदेष्ट्याने ख्रिस्तापूर्वी आठव्या शतकात फटकारले होते. आपल्याकडे 1956 च्या कायद्याने दशमान वजने आली, तेव्हा कुठे नगरचा क्विंटल आणि लातूरचा क्विंटल एक झाला.

आता थोडे गणित करू. आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. एका शेतकऱ्याने 10 क्विंटल गहू बाजारात नेला. त्या जातीच्या गव्हाला त्या दिवशी 2,500 रुपये भाव चालू होता. त्याला हे ठाऊक नव्हते, आणि त्याचा माल 2,400 ला गेला. वजन करताना क्विंटलमागे एक किलो 'कडता' म्हणून कापला आणि दोन किलो गहू नमुना म्हणून गेला. पट्टीवर वजन आले 9 क्विंटल 88 किलो, व रक्कम 23,712 रुपये. तीतून अडत, हमाली व तोलाई मिळून 620 रुपये वजा झाले. शेतकरी घरी येऊन म्हणतो, "620 रुपये खर्चात गेले हो!" परंतु खऱ्या वजनाने व चालू भावाने त्याचे 25,000 रुपये व्हावयाचे होते. म्हणजे 1,288 रुपये पट्टीवर कोठेही न दिसता गेले. हे वजावटीच्या दुपटीहूनही अधिक आहेत. जी वजावट लिहिलेली असते तिच्याविषयी भांडता येते, अर्ज करता येतो, सरकार नियमही करू शकते. उदाहरणार्थ, 2016 मध्ये महाराष्ट्र सरकारने फळे व भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरविले. पण जी वजावट लिहिलीच जात नाही तिच्याविरुद्ध भांडावे कसे? ती आधी दिसली पाहिजे. रुमाल गेला तरी रुमालाची जागा अज्ञानाने भरून काढली, तर शेतकऱ्याच्या पदरी तेच पडते.

केवळ ज्ञानानेही सारे भागत नाही, हे मी लहानपणीच पाहिले. 1992 च्या चैत्रात, मी पाचवीत असताना, वडिलांबरोबर गव्हाची आठ पोती घेऊन तालुक्याच्या बाजारात गेलो होतो. नुकतेच भरभर वाचता येऊ लागल्याचा मला अभिमान होता. कार्यालयाच्या भिंतीवरील काळ्या फळ्यावर गव्हाचे भाव खडूने लिहिले होते, ते मी मोठ्याने वाचले. आमच्या गव्हाला मिळालेला भाव त्यातील सर्वांत खालच्या आकड्याहूनही कमी होता. मी म्हणालो, "बाबा, फळ्यावर तर जास्त लिहिले आहे." वडिलांनी माझा हात दाबला व हळूच म्हणाले, "गप बस, बाळा. ताईच्या लग्नाची उचल आहे आपल्यावर." ज्या अडत्याकडून उचल घेतली त्याच्याच दुकानी माल घालावयाचा, आणि तो देईल तो भाव घ्यावयाचा, हा अलिखित करार होता. भाव वडिलांनाही दिसत होता. ते परतीच्या वाटेवर बैलगाडीत एक शब्द बोलले नाहीत.

यास्तव भावाच्या माहितीबरोबरच थांबण्याची ताकद हवी. फाल्गुन-चैत्रात सर्वांचाच गहू एकदम बाजारात येतो व भाव उतरतो. कर्ज फेडावयाचे असते, म्हणून थांबता येत नाही. राज्याच्या पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990-91 पासून आहे. तीत बाजार समितीच्या गोदामात धान्य ठेवून त्याच्या किमतीच्या काही भागाइतके कर्ज मिळते व माल पुढे विकता येतो. पालकांनी आपल्या समितीत ही सोय आहे काय, याची चौकशी अवश्य करावी. सरकारच्या हमीभावाविषयीही मुलांनी नीट समजून घ्यावे. 2025-26 च्या खरेदी हंगामासाठी गव्हाचा हमीभाव क्विंटलला 2,425 रुपये जाहीर झाला होता. परंतु सरकारची गहूखरेदी मुख्यत्वे पंजाब, हरियाणा व मध्य प्रदेश या राज्यांत होते. आपल्याकडच्या शेतकऱ्याला तो आकडा बहुधा तुलनेपुरताच उपयोगी पडतो.

ती तुलना कशी करावी? बाजार समितीच्या फलकावर व भ्रमणध्वनीवर रोज तीन आकडे मिळतात: किमान, कमाल व सर्वसाधारण. पुष्कळ जण कमाल आकडा पाहून घरून निघतात आणि बाजारात निराश होतात. काहींना किमान आकडा दाखवून गप्प केले जाते. ज्या भावाने त्या दिवशी अधिकांश माल विकला गेला, तो सर्वसाधारण. तो किमान व कमाल यांची सरासरी नव्हे. शिवाय जात पाहिली पाहिजे. शरबतीचा भाव लोकवनला लावून भांडणे हे व्यापाऱ्यावर अन्याय करणे होय. व्यापाऱ्याची बाजूही असतेच: ओला, खडेमातीचा गहू कोणी चाळून निवडून घेत नाही, आणि असा एकदोनांचा माल आला की साऱ्या ढिगाचा भाव तो उतरवून धरतो. घरीच गहू वाळवून व चाळून नेला, तर त्याच्या हातची ती सबब तरी जाते.

भाव कळल्याने खरोखर किती फरक पडतो, याचे एक दाखल्यादाखल मोजमाप झालेले आहे. मात्र ते सोयाबीनचे आहे, गव्हाचे नव्हे. मध्य प्रदेशातील खेड्यांत 2000 पासून आयटीसी कंपनीने 'ई-चौपाल' या नावाने संगणक बसविले. बाजाराला गाडी जुंपण्यापूर्वीच शेतकऱ्याला गावात भाव कळू लागला. कंपनीला आपल्यासाठी सोयाबीन हवे होते. कारंज्याप्रमाणे येथेही धर्मादाय काही नव्हता. तथापि अर्थशास्त्रज्ञ अपराजिता गोयल यांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, असे संगणक आलेल्या जिल्ह्यांत बाजारातील सोयाबीनचा भाव शेकडा 1 ते 3 नी वाढला. म्हणजे ज्यांनी कंपनीला एक दाणाही घातला नाही, त्यांनाही पेठेत त्याचा लाभ झाला. शेकडा 3 हा आकडा लहान वाटेल. वरच्या गणितातील शेतकऱ्याला विचारा. 14 एप्रिल 2016 रोजी सुरू झालेल्या 'ई-नाम' या राष्ट्रीय बाजारात लिलावाची बोली संगणकावर लागते. ज्या समित्यांत ही पद्धत मनापासून चालविली जाते तेथे रुमालास जागा उरत नाही. जेथे लिलाव आधी तोंडी उरकून मग आकडे भरले जातात, तेथे संगणक हाच नवा रुमाल होतो.

आता वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी घरी गेल्या हंगामाची पट्टी असल्यास ती मागून घ्यावी, तिच्यावरची तारीख पाहावी, त्या दिवशीचा आपल्या बाजारातील सर्वसाधारण दर काढावा आणि वरीलप्रमाणे हिशेब करावा. ज्यांच्या घरी शेती नाही त्यांच्यासाठी हे उदाहरण: एका शेतकऱ्याने 7 क्विंटल गहू नेला. पट्टीवर वजन 6 क्विंटल 93 किलो व भाव 2,350 रुपये लिहिला आहे. त्या दिवशी त्याच जातीचा सर्वसाधारण दर 2,420 रुपये होता. पट्टीवरील सर्व खर्च मिळून 430 रुपये वजा झाले. पट्टीवर दिसणारी वजावट मोठी की न दिसणारी, आणि कितीने?