रोज दहा पाने : वाचनातून इंग्रजी

शालेय जीवनात आठ-दहा वर्षे इंग्रजीचा अभ्यास करूनही इंग्रजी मजकुराचे सलग एक पान समोर आले की मन बिचकते, हा मराठी माध्यमातून शिकलेल्या असंख्य सुशिक्षितांचा अनुभव आहे. महाराष्ट्रातील सर्व शाळांत पहिलीपासून इंग्रजी हा विषय २००० साली सुरू झाला. त्याआधीच्या पिढ्यांची या भाषेशी ओळख बहुधा पाचवीत किंवा त्यानंतर झाली. त्यांनी व्याकरणाचे नियम पाठ केले, तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतील वाक्ये घोकली, परीक्षाही उत्तम गुणांनी दिल्या. तथापि भाषेविषयी जेवढे शिकवले गेले, त्या मानाने प्रत्यक्ष भाषा फारच थोडी भेटली. पाठ्यपुस्तकातील मोजके धडे वर्षभर पुरवून वाचले गेले आणि शाळा सुटताच तेही थांबले.

या उणिवेची झळ केवळ मुलाखतीच्या खोलीत लागते असे नाही. स्नेह्याच्या कर्जाला 'नुसती सही' म्हणून जामीन राहणारे अनेक जण असतात. भारतीय करार अधिनियम, १८७२ मधील कलम १२८ नुसार, करारात वेगळे काही ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. हे एका इंग्रजी वाक्यात स्पष्ट लिहिलेले असते. ते वाक्य वाचता येणे आणि न येणे यांत कधी कधी आयुष्यभराच्या बचतीचे अंतर असते. म्हणूनच इंग्रजी सुधारण्याचा प्रश्न प्रतिष्ठेपेक्षा व्यवहाराच्या दृष्टीने अधिक गंभीरपणे पाहावयास हवा. त्यावरील सर्वांत स्वस्त आणि कोणत्याही वयात करता येण्याजोगा उपाय म्हणजे नियमित वाचन.

ढाक्याचा धडा

वाचनातून परकी भाषा शिकविण्याचा एक पद्धतशीर विचार आपल्याच उपखंडात झाला. मायकेल वेस्ट हे शिक्षणाधिकारी अविभाजित बंगालमध्ये ढाका येथे शिक्षकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयात काम करीत होते. बंगाली विद्यार्थ्यांच्या गरजांचा अभ्यास करून त्यांनी १९२६ साली द्विभाषिकतेवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. अनेक मुले शिक्षण अर्धवट सोडतात, हे त्यांनी लक्षात घेतले. विमा पॉलिसी मध्येच बंद केली तरी तिची काही 'सरेंडर व्हॅल्यू' हाती पडते. तशी अर्धवट सोडलेल्या इंग्रजी शिक्षणाची किती पडते, असा प्रश्न त्यांनी उपस्थित केला. विम्याच्या व्यवहारातून उचललेला हा शब्द भाषाशिक्षणात आजही वापरला जातो.

वेस्ट यांचे उत्तर असे होते की, बोलण्याचा अर्धवट सराव सुटला तर हाती फारसे काही उरत नाही. वाचनाची क्षमता मात्र थोडी जरी मिळाली तरी ती पुढे स्वतःच्या बळावर वाढविता येते. मग मुलांना वाचन जड का जाते? त्या काळच्या वाचनमालांत दुर्मीळ आणि जुनाट शब्दांची भरताड असे, हे कारण त्यांना आढळले. त्यांनी नव्या वाचनमाला तयार केल्या. त्यांत अप्रचलित शब्दांच्या जागी प्रचलित शब्द घातले, नवे शब्द विरळ पेरले आणि पुढील मजकुरात त्यांची पुनरावृत्ती केली. १९५३ साली त्यांनी सुमारे दोन हजार अत्यावश्यक इंग्रजी शब्दांची यादीही प्रसिद्ध केली. साध्या इंग्रजी गद्यातील दर शंभर शब्दांपैकी सुमारे ऐंशी शब्द या यादीतच सापडतात. म्हणजे शब्दकोशातील लाखो शब्दांचे दडपण बाळगण्याचे कारण नाही. पाया तुलनेने लहान आहे आणि तो पक्का करणे शक्य आहे.

पुस्तक किती कठीण असावे?

इथे बहुतेकांचा पहिलाच निर्णय चुकतो. इंग्रजी सुधारायचे ठरले की इंग्रजी दैनिकाचा अग्रलेख किंवा एखादी गाजलेली जाडजूड कादंबरी हाती घेतली जाते. पहिल्याच पानावर वीस-पंचवीस अनोळखी शब्द भेटतात, शब्दकोश उघडता उघडता कथेचा धागा निसटतो आणि आठवड्याच्या आत पुस्तक कपाटात परत जाते. दोष वाचकाच्या बुद्धीचा नसतो, निवडीचा असतो.

वाचनातून अर्थ सहज लागण्यासाठी मजकुरातील सुमारे अठ्ठ्याण्णव टक्के शब्द ओळखीचे असावेत, असे भाषाशिक्षणाच्या अभ्यासकांचे मत आहे. साधारण पुस्तकाच्या एका पानावर अडीचशे शब्द धरले तर दोन टक्के म्हणजे पाच शब्द होतात. यातून एक सोपी कसोटी मिळते. पुस्तक मधेच कुठेही उघडावे, एक पान वाचावे आणि प्रत्येक अनोळखी शब्दासाठी एक बोट मिटावे. पान संपण्याआधीच मूठ बंद झाली, तर ते पुस्तक आदराने बाजूला ठेवावे. त्याची वेळ अजून यावयाची आहे.

सोप्या पुस्तकाने काय साधणार, ही शंका स्वाभाविक आहे. फिजी बेटांवरील ग्रामीण शाळांत १९८०च्या सुमारास झालेला प्रयोग या शंकेचे निरसन करतो. तेथील मुलांसाठी इंग्रजी ही परकीच भाषा. काही शाळांतील वर्गांना मुलांना आवडतील अशी सुमारे अडीचशे सचित्र गोष्टींची इंग्रजी पुस्तके देण्यात आली आणि रोज वीस-तीस मिनिटे वाचनासाठी राखण्यात आली. इतर शाळांत नेहमीची पाठ घेण्याची पद्धत चालू राहिली. गोष्टी वाचणारी मुले वाचन व श्रवण यांत स्पष्टपणे पुढे गेली आणि दोन वर्षांच्या अखेरीस लेखन व व्याकरण यांतही त्यांची प्रगती दिसून आली. व्याकरणाचे जादा तास न घेता हे घडले, हा यातील महत्त्वाचा भाग होय.

कोणती पुस्तके?

मराठी वाचकाला सर्वांत जवळची वाट मराठीतूनच जाते. ज्या पुस्तकाची कथा आधीच मनात घर करून आहे, त्याचा इंग्रजी अनुवाद वाचताना अर्थाचा आधार सतत सोबत असतो. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'चा शांता गोखले यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०२१ साली प्रसिद्ध झाला. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चाही त्यांचा अनुवाद २०१७ पासून उपलब्ध आहे. महात्मा गांधींची आत्मकथा मूळ गुजराती; महादेव देसाई यांनी केलेले तिचे इंग्रजी रूपांतर साध्या वाक्यरचनेचे आहे आणि प्रकरणेही आटोपशीर आहेत.

त्यानंतर भारतीय परिसरात घडणाऱ्या मूळ इंग्रजी कथा घ्याव्यात. आर. के. नारायण यांची १९३५ साली आलेली 'स्वामी अँड फ्रेंड्स' ही कादंबरी किंवा रस्किन बाँड यांच्या पहाडी प्रदेशातील कथा यांत वातावरण ओळखीचे असते. शाळेतला धाक, आजीचे लाड, पावसाळा हे काही समजावून घ्यावे लागत नाही. त्यामुळे सारे लक्ष भाषेकडे देता येते. अगदी प्राथमिक तयारी असणाऱ्यांसाठी मर्यादित शब्दसंख्येत लिहिलेल्या श्रेणीबद्ध पुस्तकमाला मिळतात. ऑक्सफर्डच्या 'बुकवर्म्स' मालेतील पहिला टप्पा चारशे मूळ शब्दांचा, तर सहावा अडीच हजारांचा आहे. घरात लहान मुले असतील तर 'प्रथम बुक्स'च्या 'स्टोरीव्हीवर' या संकेतस्थळावर २०१५ पासून मराठी व इंग्रजी गोष्टी विनामूल्य उपलब्ध आहेत. इंदूर, बडोदे किंवा हैदराबाद येथे वाढणाऱ्या मराठी मुलांना एकच गोष्ट दोन्ही भाषांत वाचल्याने मराठीचाही लाभ होतो.

वृत्तपत्र वाचावयाचे असेल तर एक युक्ती उपयोगी पडते. सकाळी एक बातमी मराठी दैनिकात वाचावी आणि तीच बातमी इंग्रजी दैनिकात शोधावी. रिझर्व्ह बँकेचे पतधोरण जाहीर होते त्या आठवड्यात हा प्रयोग जरूर करावा. रेपो दर, महागाई, हप्ता, तरलता यांचे इंग्रजी प्रतिशब्द चार-पाच दिवस सतत भेटत राहतात आणि न घोकता लक्षात राहतात.

वाचनाची रीत

पहिल्या वाचनात शब्दकोश उघडू नये. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने खूण करून पुढे जावे. पुष्कळदा पुढच्याच परिच्छेदात त्याचा अर्थ उलगडतो. वाचून झाल्यावर जे दोन-तीन शब्द पुन्हा पुन्हा आले आणि तरीही उमगले नाहीत, तेवढेच शब्दकोशात पाहावेत.

वहीत सुटा शब्द लिहिण्याऐवजी त्याच्या सोबत्यासह लिहावा. दोन भाषांचे संसार वेगळे असतात, ते येथे कळते. मराठीत आपण लक्ष 'देतो'. इंग्रजीत 'अटेंशन'साठी 'पे' हे क्रियापद येते, जणू काही ते रोखीने मोजून द्यावयाचे असते. मराठीत परीक्षा 'दिली' जाते, इंग्रजीत ती 'टेक' केली जाते. मराठीत स्वप्न 'पाहिले' जाते, इंग्रजीत त्यासाठी 'हॅव' चालते, 'सी' चालत नाही. अशा जोड्या नियमाने सांगता येत नाहीत. त्या वारंवार भेटल्यानेच अंगवळणी पडतात. 'अ', 'अॅन' आणि 'द' या उपपदांचेही तसेच. मराठीत ती नसल्यामुळे त्यांचे नियम पाठ करूनही चुका होतात. शेकडो पाने वाचल्यावर चुकीचे वाक्य कानाला खटकू लागते.

वाचलेल्या मजकुराचा सारांश घरातील कुणाला तरी मराठीत सांगावा आणि त्यावर इंग्रजीत तीन-चार वाक्ये लिहावीत. आठवड्यातून दोनदा एक पान मोठ्याने वाचावे. मात्र केवळ डोळ्यांनी वाचलेल्या इंग्रजीचा उच्चार फसवा असतो, हे विसरू नये. कर्ज या अर्थाच्या 'डेट' शब्दातील 'बी' आणि पावती या अर्थाच्या 'रिसीट' शब्दातील 'पी' ही अक्षरे लिहिली जातात, उच्चारली जात नाहीत. भ्रमणध्वनीवरील शब्दकोशात उच्चार ऐकण्याची सोय असते. तिचा उपयोग करावा.

राहिला प्रश्न वेळेचा. रोज दहा पाने म्हणजे सुमारे अडीच हजार शब्द. सुरुवातीस त्याला पाऊण तास लागेल, सवयीने अर्धा तास पुरेल. वर्षाच्या अखेरीस वाचलेल्या शब्दांची बेरीज नऊ लाखांच्या वर जाते. आवर्ती ठेवीप्रमाणे येथेही हप्त्याच्या रकमेइतकेच हप्ता न चुकण्यालाही महत्त्व आहे. रविवारी सत्तर पाने वाचून सोमवारपासून विश्रांती घेतल्यास हा लाभ मिळत नाही, कारण नव्या शब्दाची दुसरी भेट तो विसरण्याआधी व्हावी लागते.

बँकेचे कागद : एक वेगळे वाचन

गोष्ट वाचताना अडलेला शब्द सोडून पुढे जाता येते. करारनामा वाचताना तसे करता येत नाही. येथे प्रत्येक शब्दाचा अर्थ लावावाच लागतो. शिवाय ओळखीचे शब्दच अधिक फसवतात. पुढील शब्द पाहावेत :

• इंटरेस्ट : एरवी रस किंवा आवड, बँकेत व्याज. मालमत्तेच्या कागदात हक्क किंवा हितसंबंध.
• प्रिन्सिपल : एरवी प्राचार्य; कर्जाच्या कागदात मुद्दल.
• मॅच्युरिटी : एरवी परिपक्वता, ठेवीच्या पावतीवर मुदतपूर्ती.
• सिक्युरिटी : एरवी पहारा किंवा सुरक्षा, कर्जाच्या कागदात तारण.
• शॅल आणि मे : करारात 'शॅल' म्हणजे बंधन, 'मे' म्हणजे मुभा. ऋणकोच्या वाक्यात 'शॅल' आणि बँकेच्या वाक्यात 'मे' असेल, तर कोणावर काय बंधनकारक आहे ते ताडून पाहावे.
• जॉइंटली अँड सेव्हरली : संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणेही. दोन सहकर्जदारांनी अशी सही केली असेल, तर कोणाही एकाकडून संपूर्ण रकमेची मागणी होऊ शकते. निम्मी निम्मी जबाबदारी असा त्याचा अर्थ नव्हे.
• आयदर ऑर सर्व्हायव्हर : दोघांपैकी कोणीही खाते चालवू शकतो आणि एकाच्या पश्चात दुसरा. याउलट 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' असेल तर पहिल्या खातेदाराच्या हयातीत तोच खाते चालवू शकतो. एका शब्दाच्या फरकाने आजारपणात पत्नीला पैसे काढता येतील की नाही, हे ठरते.

या बाबतीत ग्राहकाला नियमांचाही आधार आहे. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या नव्या किरकोळ कर्जांसाठी, तसेच सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या मुदत कर्जांसाठी ऋणकोला समजेल अशा भाषेत 'की फॅक्ट्स स्टेटमेंट' हे मुख्य अटींचे पत्रक देणे बंधनकारक आहे. वार्षिक खर्चाचा एकूण दर त्यात नमूद असतो. हे पत्रक मराठीत मागून घ्यावे आणि ते शेजारी ठेवून इंग्रजी करारनामा वाचावा. हाती असलेल्या कागदाचाच असा अभ्यासपाठ होतो. अर्थ न लागलेली अट सही करण्यापूर्वी अधिकाऱ्याला विचारण्यात कमीपणा नाही. तो ग्राहकाचा हक्क आहे.

इंग्रजीचे वाचन म्हणजे मराठीकडे पाठ फिरविणे नव्हे. उलट दोन्ही भाषांत वाचणारा माणूस मराठी शब्दही अधिक काटेकोरपणे वापरू लागतो. गावच्या वाचनालयाची वर्गणी भरावी, बोटांच्या कसोटीला उतरणारे एक पातळ पुस्तक निवडावे आणि आज रात्री झोपण्यापूर्वी त्याची पहिली दहा पाने वाचावीत. पुढच्या वेळी एखादा स्नेही 'नुसती सही' मागावयास येईल, तेव्हा लेखणी उचलण्यापूर्वी कागद वाचून पाहण्याचे बळ या पानांतूनच आलेले असेल.