ऐतिहासिक शहराचे प्रवासवर्णन : दोन दिवसांचे नांदेड

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराचे स्वरूप आणि त्याची मराठीतील वाटचाल आपण मागील घटकांत पाहिली. प्रस्तुत घटकात एका मर्यादित, परंतु लिहिणाऱ्यापुढे हमखास उभ्या राहणाऱ्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. ज्या शहरावर अनेक शतकांचे थर साचले आहेत, त्या शहरात केवळ दोन दिवस राहिलेल्या लेखकाने त्याविषयी काय लिहावे? आणि काय लिहिण्याचा अधिकार त्याला पोहोचतो?

विवेचन

गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' आठवा. १८५७ साली वरसईहून निघालेले भटजी दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे गेले आणि झाशीच्या वेढ्यात सापडले. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथातील झाशी एवढी जिवंत वाटते, याचे एक कारण असे, की त्यांना तेथून हवे तेव्हा निघता येत नव्हते. शहराची भीती, तहान आणि धावपळ त्यांच्या वाट्याला आली होती. आजच्या प्रवाशाच्या खिशात परतीचे तिकीट असते. मीना प्रभु यांनी 'रोमराज्य'मध्ये इटलीसाठी दोन भाग खर्ची घातले. पण सहलीबरोबर जाणाऱ्यास रोमला किंवा फ्लॉरेन्सला दोन दिवस मिळाले तरी पुष्कळ.

फ्लॉरेन्सचेच उदाहरण घेऊ. ब्रुनेलेस्कीने उभारलेला, १४३६ साली पूर्ण झालेला कॅथीड्रलचा घुमट, उफीझी चित्रसंग्रहालय, आर्नो नदीवरील पोन्ते वेक्यो हा जुना पूल : ही स्थळे प्रवाशाने घर सोडण्यापूर्वीच चित्रांत पाहिलेली असतात. तेथे गेल्यावर तो ती पाहतो म्हणण्यापेक्षा पडताळतो. मात्र त्याच शहरातील कित्येक भिंतींवर लहानशा पाट्या बसविलेल्या आहेत. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नोचा पूर कोठवर चढला होता, ते त्या सांगतात. अशा एखाद्या पाटीखाली उभे राहून, पाण्याची रेषा आपल्या डोक्याच्याही वर होती हे ज्याच्या ध्यानी येते, त्याला घुमटाकडे पाहतानाही नदी विसरता येत नाही. दोन दिवस तेवढेच. पण त्याच्या हाती एक धागा लागलेला असतो.

आता आपल्या नांदेडकडे वळू. नांदेडच्या रहिवाशाला दोन दिवसांचा पाहुणा नवा नाही. सचखंड एक्सप्रेस अमृतसरहून रोज अशा पाहुण्यांना घेऊन येते. १७०८ साली गुरू गोविंदसिंग येथे आले, येथेच त्यांनी ग्रंथसाहिबास गुरुपद दिले आणि येथेच देह ठेवला. महाराजा रणजितसिंग यांच्या काळात, १८३२ ते १८३७ या वर्षांत, आज दिसणारी तख्ताची वास्तू उभी राहिली. इतके ठाऊक असलेल्या विद्यार्थ्याला निबंध लिहावयास सांगितला, तर बहुधा पुढील प्रकारचा मजकूर हाती येतो :

"नांदेड हे गोदावरीच्या काठी वसलेले मराठवाड्यातील ऐतिहासिक शहर आहे. येथील गुरुद्वारा जगप्रसिद्ध आहे. शहरात एक प्राचीन किल्लाही आहे. ही सर्व स्थळे पाहून मन प्रसन्न झाले."

यात खोटे काहीच नाही. तरीही हा मजकूर प्रवासवर्णन ठरत नाही. कारण तो लिहिण्यासाठी नांदेडला येण्याची गरज नव्हती. शेवटचे वाक्य तेवढे लेखकाचे असावयास हवे होते, आणि नेमके तेच सर्वांत उसने आहे. प्रसन्न झालेली मने आपल्या प्रवासवर्णनांत इतकी आहेत, की त्यांवर विश्वास ठेवणे कठीण झाले आहे.

याउलट पुढील उतारा पाहा. तो या घटकासाठी तयार केलेला आहे.

"पहाटेपूर्वी गोदावरीचे पाणी घागरीत भरून तख्तावर आणतात आणि त्या पाण्याने आतील स्थान धुतात, हे मला यात्री निवासातील शेजाऱ्याने सांगितले तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. मी झोपलो होतो. दुसऱ्या दिवशी गजर लावला, पण उठलो तो उजाडल्यावरच. नगिना घाटावर गेलो, तेव्हा पायऱ्यांवर ऊन आले होते आणि पाणी नेणारा केव्हाच जाऊन आला होता. त्यामुळे मी नदी पाहिली आणि तख्त पाहिले. त्या दोहोंमधली वाट तेवढी पाहिली नाही."

या लेखकाने घागर पाहिलेली नाही आणि पाहिल्याचा आव आणलेला नाही. निसटलेली गोष्ट त्याने निसटलेली म्हणूनच नोंदविली. तसे करताना त्याला या शहराचा धागा सापडला : तख्त आणि नदी यांना जोडणारे पाणी. हाच धागा धरून तो नंदगिरी किल्ल्यावर गेला, तर तीन बाजूंनी गोदावरीने वेढलेली ती जागा त्याला वेगळी दिसेल. ज्या नदीने किल्ल्याचे रक्षण केले, तिचेच पाणी शहराला पुरविण्याची यंत्रणा पुढे त्याच किल्ल्यात उभारली गेली. दुसरा दिवस त्याने कंधारला घालविला, तर तेथील भुईकोटाभोवतीचा खंदक आणि राष्ट्रकूटकाळातील शिलालेखात उल्लेखिलेला 'जगत्तुंगसमुद्र' जलाशय त्याच्या लेखनात सुटी माहिती म्हणून येणार नाहीत. तलावाला समुद्र म्हणणाऱ्या माणसांच्या मनात पाण्याचे मोल काय असेल, हा प्रश्न वाचकालाही पडेल.

लातूरच्या विद्यार्थ्यांनी येथे आपले शहर आठवावे. गंजगोलाईत मध्यभागी अंबेचे मंदिर आणि तेथून सोळा दिशांना फुटणारे रस्ते पाहून पाहुणा थक्क होतो व तसे लिहितो. परंतु १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाणी घेऊन पहिली रेल्वे लातुरात आली, त्या उन्हाळ्यात घागरी घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला हेच सोळा रस्ते निराळे आठवतात. दोन दिवसांच्या पाहुण्याला ही आठवण असणे शक्य नाही. ती कोणाला तरी विचारणे मात्र शक्य आहे, आणि तेवढे तर त्याच्याकडून अपेक्षिता येते.

धागा धरण्यात धोकाही आहे, याची जाणीव ठेवावी. एकदा पाणी हा विषय मनात बसला, की लेखक प्रत्येक दगडातून पाणी काढू लागतो. उदगीरचा किल्ला पाहताना त्याच्या मनात फेब्रुवारी १७६० ची लढाई यावयास हवी. सदाशिवरावभाऊंनी निजामावर विजय मिळविला आणि त्यानंतर वर्षभरातच त्यांना पानिपत गाठावे लागले. तेथे खंदकाच्या पाण्यावर दोन परिच्छेद लिहिणे हा हट्ट होय. स्थळ ज्या गोष्टीने बोलते ती ऐकावी. आपला धागा तेथे तुटत असेल तर तुटू द्यावा.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. तख्त सचखंड हे श्रद्धाळूंचे नित्य उपासनेचे स्थान आहे. त्याचे वर्णन पुराणवस्तूसारखे केले, तर तेथील सेवेकरी लेखनातून नाहीसा होतो. आणि केवळ भक्तिभावाने ओथंबून लिहिले, तर त्याच परिसरात दुकान चालविणारा, मुलांना शाळेत पोहोचविणारा, १७ सप्टेंबरला ध्वजवंदनास जाणारा नांदेडकर नाहीसा होतो. हा माणूस उद्या आपले लेखन वाचणार आहे. परक्याने आपल्या गावाविषयी लिहिलेल्या ओळींत आपण स्वतःला शोधतो, हे आपणा सर्वांच्या अनुभवाचे आहे. त्या ओळींत आपले गाव न सापडल्याची खंत वाटते ती त्यामुळेच.

स्वाध्याय

१. आपण राहता त्या शहरात किंवा गावात, दोन दिवसांसाठी आलेला पाहुणा बनून फिरा. जे पाहावयाचे राहून गेले त्यापासून आरंभ करून दीडशे शब्दांचा उतारा लिहा. 'ऐतिहासिक', 'प्रसिद्ध' आणि 'प्रसन्न' हे शब्द वापरू नका.

२. तो उतारा त्या ठिकाणी जन्म काढलेल्या एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीला वाचून दाखवा. त्यांनी जेथे थांबविले ती जागा समासात नोंदवा आणि त्यांचे म्हणणे त्यांच्याच बोलीत लिहून घ्या.